शब्द आणि त्याची संगत

एका कचेरींत नुकताच नोकरीस लागलेला एक तरुण कारकून डोळ्यांपुढें आणावा. गांवाहून निरोप येतो कीं आई अंथरुणाला खिळली आहे. त्याला दोन दिवसांची रजा हवी असते आणि अर्ज इंग्रजींत लिहावयाचा असतो. शाळेंत असतांना त्यानें शब्दार्थांच्या वह्याच्या वह्या पाठ केलेल्या असल्यामुळें शब्दांची त्याला चिंता वाटत नाहीं. ‘मागणें’ म्हणजे ‘डिमांड’, हें अगदीं जिभेवर आहे. मनांत हात जोडून, मोठ्या नम्रपणें तो लिहितो, ‘आय डिमांड टू डेज लीव्ह.’ साहेब अर्ज वाचतात आणि त्यांच्या कपाळाला आठी पडते. कारण ‘डिमांड’ हा शब्द इंग्रजींत विनंती करणाराच्या तोंडीं शोभत नाहीं. जो हक्कानें, बजावून, ‘दिलेंच पाहिजे’ असें म्हणतो, त्याचा तो शब्द. संपावर गेलेले मजूर ‘डिमांड’ करतात. थकलेली रक्कम वसूल करणारा सावकार ‘डिमांड’ करतो. रजा तर मिळत नाहींच, वर बोलणीं खावीं लागतात. बिचारा तरुण आपल्या टेबलाशीं परत येऊन विचार करीत बसतो, ‘शब्द तर बरोबर होता; मग चुकलें कोठें?’

या प्रश्नाचें उत्तर शोधणें हाच आजच्या भाषणाचा विषय आहे. तें उत्तर थोडक्यांत सांगावयाचें तर असें कीं, त्या तरुणाला शब्दाचा अर्थ ठाऊक होता, परंतु शब्दाची संगत ठाऊक नव्हती. मनुष्याची ओळख केवळ त्याच्या नांवानें होत नाहीं. तो कोणांत ऊठबस करतो, कोणाशीं अदबीनें बोलतो, कोणाच्या घरीं न बोलावतां जातो, हें कळलें म्हणजे खरी ओळख पटते. शब्दाचेंही तसेंच आहे. तो कोणत्या शब्दांच्या सोबतीनें येतो, वाक्यांत कोठें बसतो आणि आपल्यामागून कशाची अपेक्षा करतो, हें समजल्यावांचून तो शब्द आला असें म्हणतां येत नाहीं.

आपल्याकडील घरांतून संध्याकाळचा एक देखावा पुष्कळांच्या परिचयाचा असेल. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढलेली असते. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस मराठी अर्थ. वडील वही हातांत घेऊन डावी बाजू विचारतात आणि मुलगा उजवी बाजू घडाघडा म्हणून दाखवितो. वीस पैकीं वीस शब्द आले म्हणजे वडिलांना समाधान, आईला कौतुक आणि मुलाला खेळावयास जाण्याची मोकळीक! यांत कोणाचा हेतु वाईट नसतो आणि मुलाची मेहनतही खोटी नसते. पण त्याच मुलाला त्याच वीस शब्दांपैकीं कोणत्याही तिहींचीं वाक्यें करावयास सांगितलीं कीं तो घुटमळतो. महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. म्हणजे दहावी संपेपर्यंत दहा वर्षें झालीं. एवढ्या अवधीनंतरही महाविद्यालयांत पाऊल टाकणाऱ्या कित्येक मुलामुलींना चार वाक्यें बोलावयाचीं झालीं तर घशाला कोरड पडते. तीं मनाशीं ठरवून टाकतात कीं, ‘इंग्रजी आपल्या डोक्यांत शिरत नाहीं.’ हा निकाल फार अन्यायाचा आहे. डोकें चांगलेंच असतें. त्यांत भरलेला माल सुटासुटा असतो. खिळ्यांची पेटी भरलेली आहे, पण फळी कशी जोडावी हें दाखविलेलेंच नाहीं, अशांतला तो प्रकार आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपली भाषा पाहिली म्हणजे ही गोष्ट चटकन ध्यानांत येते. समजा, एखादा इंग्रज गृहस्थ मराठी शिकण्याच्या हौसेनें एका मराठी कुटुंबांत राहावयास आला आहे. त्यानें कोशांत पाहून ठेविलें आहे कीं ‘लागणें’ म्हणजे ‘टच’, स्पर्श होणें. आतां दिवसभरांत त्याच्या कानांवर काय काय पडतें पाहा. सकाळीं मुलगा म्हणतो, ‘भूक लागली.’ स्वयंपाकघरांतून आवाज येतो, ‘अगबाई, दूध खालीं लागलें!’ अंगणांत कोणाला ठेंच लागते, पाळण्यांतल्या बाळाला झोप लागते, शेजारच्या थोरल्याला नोकरी लागते. स्टेशनवर जावयास अर्धा तास लागतो, आंबा गोड लागतो, धाकटी रडूं लागते, आणि दारांत आलेल्या बाई नात्यानें मावशी लागतात! बिचाऱ्या पाहुण्याचा ‘स्पर्श’ यांपैकीं एकाही ठिकाणीं धड उपयोगी पडत नाहीं. पण मराठी घरांतल्या चार वर्षांच्या मुलाला यांत कांहींच अडचण वाटत नाहीं. कारण त्यानें ‘लागणें’ हा शब्द एकटा कधींच ऐकला नाहीं. ‘भूक लागणें’, ‘ठेंच लागणें’, ‘झोप लागणें’ असे जोडीनेंच तो ऐकत आला.

इंग्रजींतील ‘टेक’ या शब्दाची तीच गोष्ट. वहींतल्या उजव्या रकान्यांत त्याच्यासमोर ‘घेणें’ लिहिलेलें असतें. परंतु इंग्रज मनुष्य औषध ‘टेक’ करतो तेव्हां आपण घेतों. तो फोटो ‘टेक’ करतो तेव्हां आपण काढतों. तो परीक्षा ‘टेक’ करतो तेव्हां आपण परीक्षेला बसतों. एखाद्या कामाला दहा मिनिटें ‘टेक’ होतात तेव्हां आपल्याकडे तीं लागतात. ‘टेक ऑफेन्स’ म्हणजे राग मानणें आणि ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणें. येथें ‘घेणें’ हा अर्थ खोटा आहे असें नव्हे. पण तो या शब्दाच्या अनेक सोयऱ्यांपैकीं एकाचा पत्ता आहे. एकाच पत्त्यावर सगळ्यांना शोधूं गेल्यास हेलपाटे पडणारच.

हें ज्ञान नवीन आहे अशांतला भाग नाहीं. लहान मूल भाषा कशी शिकतें, याचा विचार आपल्याकडील मीमांसकांनीं फार पूर्वीं करून ठेविला आहे. त्यांचें उदाहरण असें कीं, घरांतला वडील माणूस धाकट्याला सांगतो, ‘गाय आण.’ धाकटा गाय आणतो. जवळ खेळणारें मूल तें पाहतें. पण ‘गाय’ म्हणजे काय आणि ‘आण’ म्हणजे काय, हें त्याला अजून वेगळें करतां येत नाहीं. पुढें तोच वडील माणूस ‘गाय बांध’ म्हणतो, आणि नंतर कधीं तरी ‘घोडा आण’ म्हणतो. एक शब्द गेला, दुसरा आला आणि त्याबरोबर होणारी क्रिया बदलली. असें पुन:पुन्हा पाहून मुलाला दोन्ही शब्दांची उमज पडते. वडील माणसांच्या बोलण्याचालण्यांतून शिकण्याच्या या रीतीला ‘वृद्धव्यवहार’ म्हणतात. आणि वाक्यांत शब्द घालण्याला व काढण्याला ‘आवाप’ व ‘उद्वाप’ अशीं नांवें आहेत. शब्द आधीं आपापला अर्थ सांगतात आणि मग जुळतात, कीं एकमेकांशीं जुळूनच अर्थ सांगतात, यावर कुमारिल भट्ट आणि प्रभाकर यांच्या संप्रदायांत मोठा वाद झाला. भर्तृहरीनें तर ‘वाक्यपदीय’ या ग्रंथांत अर्थाच्या दृष्टीनें वाक्यालाच प्रधान मानलें. तो वाद पंडितांचा पंडितांकडे राहो. गृहस्थाला त्यांतून घेण्यासारखी गोष्ट एवढीच कीं, मूल शब्द शिकतें तें बोलण्यांतून, यादींतून नव्हे.

गंमत अशी कीं, पाश्चात्य भाषाशिक्षक निराळ्या वाटेनें याच ठिकाणीं येऊन पोंचले. हॅरल्ड पामर या इंग्रज शिक्षणतज्ज्ञानें १९१६ सालीं इंग्रजी वाक्यांचीं शंभर कोष्टकें प्रसिद्ध केलीं. त्यांत वाक्याचा सांचा कायम ठेवून एकेका जागीं निरनिराळे शब्द बसवावयाचे आणि शेंकडों शुद्ध वाक्यें तोंडीं बसवावयाचीं, अशी योजना होती. ‘गाय आण, गाय बांध, घोडा आण’ याहून ती तत्त्वतः वेगळी नाहीं.

शब्दांच्या समूहाला वाक्यपण येण्यासाठीं आपल्या शास्त्रकारांनीं तीन गोष्टी आवश्यक सांगितल्या आहेत. सन्निधि, आकांक्षा आणि योग्यता. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला या तिन्हींचा दिवा करून पुढें जातां येईल.

सन्निधि म्हणजे जवळीक. शब्द एकमेकांच्या लगत उच्चारले गेले पाहिजेत, इतकाच शास्त्रांतला त्याचा मूळ आशय. परंतु इंग्रजींत शब्दाच्या जागेवर याहून मोठी जबाबदारी पडते. मराठींत ‘कुत्रा मुलाला चावला’ म्हणा किंवा ‘मुलाला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच राहतो. ‘मुलाला’ यांतील ‘ला’ हा प्रत्यय त्या शब्दाबरोबर असतो, मग तो शब्द वाक्यांत कोठेंही बसो. इंग्रजींत नामाला असा प्रत्यय नाहीं. तेथें पंगतींतल्या पाटासारखें आहे. कोण कोणत्या पाटावर बसला यावरून त्याचा मान ठरतो. ‘द डॉग बिट द बॉय’ म्हणजे कुत्रा मुलाला चावला. त्यांतील दोन नांवांच्या जागांची अदलाबदल केली कीं मुलगाच कुत्र्याला चावतो! शब्द तेच, अर्थ तेच, केवळ पाट बदलले. प्रश्न विचारतांनाही हीच युक्ति. मराठींत वाक्याच्या शेवटीं ‘कां’ जोडला कीं भागतें. इंग्रजींत ‘यू आर कमिंग’ याचें ‘आर यू कमिंग’ होतें, म्हणजे पुन्हा जागांचीच अदलाबदल. म्हणून शब्दार्थ पाठ करूनही ज्याला वाक्यांतील जागा ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं विभक्तिप्रत्यय नसलेली मराठी दिल्यासारखें होतें.

दुसरी गोष्ट आकांक्षा. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ एवढेच शब्द कोणी उच्चारले तर ऐकणाराला कांहीं बोध होत नाहीं, कारण त्यांना एकमेकांची गरज नाहीं. उलट, ‘आण’ म्हटलें कीं ‘काय आणूं?’ असा प्रश्न उभा राहतोच. प्रत्येक क्रियापदाला अशी कसली ना कसली अपेक्षा असते. आणि इंग्रजी क्रियापदांच्या अपेक्षा मराठी क्रियापदांहून निराळ्या असतात, हीच मराठी विद्यार्थ्याची मोठी अडचण. ‘सांगणें’ याला इंग्रजींत ‘टेल’ आणि ‘से’ असे दोन शब्द. ‘टेल’ला ज्याला सांगावयाचें तो माणूस लगेच शेजारीं हवा असतो, मध्यें ‘टू’ची अडगळ चालत नाहीं; ‘टेल हिम’. ‘से’चें उलट, त्याला ‘टू’वांचून माणूस जवळ आलेला खपत नाहीं, ‘से टू हिम’. ‘मला हें समजावून सांगा’ असें मराठींत म्हणतों, म्हणून विद्यार्थी ‘एक्स्प्लेन मी धिस’ म्हणतो. परंतु ‘एक्स्प्लेन’ हें क्रियापद ‘धिस’ आधीं मागतें आणि माणसाला ‘टू मी’ म्हणून मागाहून घेतें. ‘विषयाबद्दल चर्चा करणें’ या आपल्या वळणावर जाऊन ‘डिस्कस अबाउट’ लिहिलें जातें. ‘डिस्कस’ला तो ‘अबाउट’ नको असतो. उलट ‘रेडिओ ऐकणें’ यांत मराठीला मध्यस्थ लागत नाहीं, पण ‘लिसन’ला ‘टू’ लागतोच. ‘पुण्यास पोंचणें’ म्हणून ‘रीच टू पूना’ होतें. तेथें ‘टू’ फाजील. यांतील प्रत्येक चूक करणाराला शब्दाचा अर्थ येत असतो. त्याला येत नसते ती शब्दाची भूक.

‘पासून’ या आपल्या शब्दाचाही येथें उल्लेख करणें जरूर आहे. ‘सोमवारपासून ताप आहे’ आणि ‘तीन दिवसांपासून ताप आहे’ या दोन्ही वाक्यांत मराठींत ‘पासून’ चालतें. इंग्रजींत आरंभाचा क्षण सांगावयाचा असेल तर ‘सिन्स’ आणि अवधि मोजावयाचा असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स मंडे’ बरोबर आणि ‘सिन्स थ्री डेज’ चूक. शिवाय मराठींत ‘मी येथें दहा वर्षांपासून राहतों’ हें वर्तमानकाळींच म्हटलें जातें. इंग्रज मनुष्य त्यासाठीं क्रियापदाचें रूप बदलून ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणतो. एवढी सारी व्यवस्था ‘सिन्स म्हणजे पासून’ या एका ओळींत कशी मावावी?

क्रियापदांच्या या अपेक्षांची नोंद करण्याचें काम ज्यांनीं केलें, त्यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. पामर हे १९२२ सालीं टोकियोस गेले आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठीं एक संस्था निघाली. जपानी मुलांना इंग्रजी शिकवितांना काय अडतें, याचा तेथें बारीक अभ्यास झाला. पामर यांनीं १९३८ सालीं सुमारे एक हजार इंग्रजी शब्दांचें ‘व्याकरण’ प्रसिद्ध केलें. म्हणजे भाषेचें नव्हे, एकेका शब्दाचें व्याकरण! त्याच वाटेनें पुढें गेलेले ए. एस. हॉर्नबी १९२४ पासून जपानांत शिकवीत होते. त्यांनीं दोन सहकाऱ्यांसह इंग्रजी शिकणारांसाठीं एक कोश रचला. क्रियापदें वाक्यांत कशीं वागतात याचे पंचवीस प्रकार ठरवून, प्रत्येक क्रियापदापुढें तें कोणकोणत्या प्रकारांत बसतें याची खूण त्यांत दिली होती. १९४१ च्या डिसेंबरांत जपान युद्धांत उतरलें आणि हॉर्नबींना स्थानबद्ध व्हावें लागलें. तरीही १९४२ सालीं तो कोश टोकियोंतच बाहेर पडला, आणि १९४८ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें तो नव्या नांवानें जगापुढें ठेविला. आज जगभर विद्यार्थ्यांच्या हातीं असलेला ऑक्सफर्डचा प्रसिद्ध कोश तो हाच; पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्याचा जन्म इंग्लंडांत इंग्रजांसाठीं झाला नाहीं. परक्या मुलांच्या चुका न्याहाळतां न्याहाळतां तो परक्या देशांत झाला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

तिसरी गोष्ट योग्यता. ‘विस्तवानें झाड शिंपतो’ या वाक्यांत शब्द जवळ आहेत, त्यांच्या अपेक्षाही पुऱ्या झाल्या आहेत. पण शिंपण्याची योग्यता विस्तवाला नाहीं, म्हणून वाक्य फसतें. शास्त्रांत ही योग्यता वस्तूंची सांगितली आहे. पण शब्दाशब्दांचीही एक योग्यता असते आणि ती केवळ रूढीनें ठरते. मराठींत पाऊस मुसळधार, चहा कडक, थंडी कडाक्याची, झोप गाढ आणि जंगल घनदाट. ‘गाढ पाऊस’ किंवा ‘मुसळधार झोप’ असें कोणी म्हटल्यास अर्थ कळेल, पण हसूं येईल. इंग्रजींत जोराच्या पावसाला ‘हेवी’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘जड’. आणि कडक चहाला ‘स्ट्राँग’ म्हणतात, म्हणजे ‘बलवान’. ‘स्ट्राँग रेन’ आणि ‘हेवी टी’ अशी अदलाबदल केली तर इंग्रजाच्या कानाला तें खटकतें. आपल्याकडे मुलगाही उंच आणि डोंगरही उंच. त्यांच्याकडे मुलगा ‘टॉल’ आणि डोंगर ‘हाय’. असें कां, याला तर्काचें उत्तर नाहीं. ज्या घरची जी रीत!

शब्दांच्या या सोबतीकडे भाषाशास्त्राचें लक्ष वेधणाऱ्या विद्वानांत जे. आर. फर्थ यांचें नांव प्रथम घ्यावें लागतें. हे गृहस्थ १९२८ पर्यंत कांहीं वर्षें लाहोर येथें इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हें मत त्यांनीं १९५७ च्या सुमारास आग्रहानें मांडलें. त्यांच्या परंपरेंतील जॉन सिंक्लेअर यांनीं बर्मिंगहॅम विद्यापीठांत संगणकाच्या साहाय्यानें छापील व बोलक्या इंग्रजीचा प्रचंड संग्रह तपासून, कोणता शब्द खरोखर कोणाच्या शेजारीं आढळतो हें पाहिलें. त्या आधारावर १९८७ सालीं निघालेल्या कोशांत शब्दाचा अर्थ पूर्ण वाक्यांत सांगण्याची पद्धत ठेविली आहे. अर्थ आणि वापर हीं दोन्हीं मग एकाच दमांत वाचकाच्या पदरीं पडतात.

यावर कोणी विचारील, ‘प्रत्येक शब्दाचा एवढा संसार पाहूं लागलों तर जन्म पुरणार नाहीं, भाषेंत शब्द तर लाखों आहेत!’ ही शंका रास्त आहे आणि तिचें उत्तर शोधण्यास आरंभ आपल्याच देशांत झाला. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे मुख्य होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनासंबंधींचा त्यांचा अहवाल १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, वाचनपुस्तकांत नवे शब्द एकामागून एक कोसळतात, त्यांतले कितीक क्वचितच उपयोगी पडणारे असतात, आणि जुना शब्द पुन्हा भेटण्यापूर्वींच मूल त्याला विसरतें. म्हणून त्यांनीं नेहमींच्या उपयोगाचे शब्द निवडले आणि थोड्या शब्दांवर पुष्कळ वाचन होईल अशीं पुस्तकें तयार केलीं. १९३५ सालीं निघालेल्या त्यांच्या कोशांतील सर्व अर्थ अवघ्या १,४९० शब्दांत सांगितले होते. पुढें १९५३ सालीं त्यांनीं सुमारे दोन हजार अत्यावश्यक शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती वेळां येतो हेंही तींत दिलें. साध्या इंग्रजी लिखाणांतील दर शंभर शब्दांपैकीं सुमारे ऐंशी शब्द या दोन हजारांतलेच असतात. तेव्हां लाखोंची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. दोन हजार शब्दांची घरोब्याची ओळख पुष्कळ दूरपर्यंत नेते.

परंतु ‘थोडे शब्द’ म्हणजे ‘थोडें काम’ असेंही समजूं नये. सी. के. ऑग्डन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची योजना मांडली. तींत क्रियापदाचें काम करणारे शब्द केवळ अठरा. ऐकतांना किती सोपें वाटतें! पण त्या अठरांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ असे लहान लहान शब्द जोडूनच बाकीच्या क्रियापदांचें काम भागवावयाचें होतें. ‘गिव्ह’ म्हणजे देणें. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणें आणि ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतें घेणें. ‘पुट’ म्हणजे ठेवणें. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणें, ‘पुट आउट’ म्हणजे विझविणें आणि ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणें. शब्द ८५० राहिले, तरी त्यांच्या जोड्या शिकण्याचें काम चुकलें नाहींच. जड वाटणारे मोठे शब्द इंग्रजींत फारसे फसवीत नाहींत. फसवितात ते हे घरगुती, लहानसे शब्द.

मग घरीं काय करावें? पाठांतर सोडून द्यावें काय? मुळींच नाहीं. पाठांतर हें आपल्या परंपरेचें मोठें धन आहे. जुन्या पाठशाळेंतला विद्यार्थी अमरकोश आणि रूपावली म्हणत असे, हें खरें. परंतु त्याबरोबरच तो काव्यांतील श्लोकांचे श्लोक मुखोद्गत करीत असे, आणि अमरकोशांत पाहिलेला शब्द त्याला श्लोकांत आपल्या गोतावळ्यासह पुन्हा भेटत असे. आपण त्यांतला पहिला अर्धा भाग ठेविला आणि दुसरा सोडला. पाठ करणें टाकावयाचें नाहीं. पाठ काय करावयाचें, तें बदलावयाचें आहे.

वहींतील ती उभी रेघ प्रथम पुसून टाकावी. नवा शब्द भेटला म्हणजे तो ज्या वाक्यांत भेटला तें सबंध वाक्य वहींत उतरावें. त्यांत त्या शब्दाच्या आगेंमागें कोण आहे तें पाहून त्या जोडीखालीं रेघ मारावी. ‘हेवी’खालीं नव्हे, ‘हेवी रेन’खालीं. मग त्याच सांच्यांत घरांतल्या गोष्टी घालून आणखी दोन वाक्यें करावींत. पाठ करावयाचीं तीं हीं वाक्यें. चार दिवसांनीं तोच शब्द पुन्हा काढावा, कारण एकदां भेटलेला माणूस ओळखीचा होत नाहीं. कोश पाहतांना पहिला अर्थ वाचून तो मिटूं नये. उदाहरणाचें वाक्य वाचल्यावरच मिटावा. आज कोश मोबाइलमध्यें सामावून खिशांत आला आहे आणि बोट लावतांच अर्थ दिसतो. म्हणून तर हा नियम अधिकच पाळला पाहिजे. आणि या सर्वांच्या जोडीला, आपल्या इयत्तेहून थोडें सोपें वाटेल असें पुष्कळ वाचावें. कठीण पुस्तकांत नवे शब्द दिसतात. सोप्या पुस्तकांत ओळखीचे शब्द पुन:पुन्हा भेटतात, आणि ओळखीचें मैत्रींत रूपांतर तेथेंच होतें.

वडील माणसांनीं एवढेंच करावें कीं, संध्याकाळीं वही हातीं घेतल्यावर ‘याचा अर्थ काय?’ असें न विचारतां ‘याचें वाक्य काय?’ असें विचारावें. वीस शब्दांऐवजीं चार शब्द होतील. होऊं द्यावेत. मुलाचें वाक्य चुकलें तर ‘एवढेंही येत नाहीं?’ असें म्हणूं नये. मराठीच्या वळणानें केलेली चूक ही निर्बुद्धपणाची खूण नव्हे. मुलाचें मन एका भाषेंत चांगलें मुरलेलें आहे, याची ती खूण आहे. ‘मराठींत आपण असें म्हणतों, इंग्रजींत ते तसें म्हणतात,’ एवढें शांतपणें दाखविलें कीं त्याला दोन्ही भाषांची रीत कळते, आणि आपल्या भाषेविषयीं कमीपणा वाटण्याचें कारण उरत नाहीं.

अर्ज घेऊन उभ्या असलेल्या त्या तरुण कारकुनाकडे आतां परत वळावें. त्याच्या वहींत ‘डिमांड’समोर ‘मागणें’ हा एकच शब्द नसता, तर त्याखालीं ‘मजूर अधिक वेतन डिमांड करतात’ अशा आशयाचें एखादें इंग्रजी वाक्य असतें. आणि ‘रिक्वेस्ट’ या शब्दाखालीं विनंतीच्या अर्जांतलें एखादें सबंध वाक्य असतें, तर त्याला कोणता शब्द उचलावयाचा हें सांगावें लागलें नसतें. मजुरांच्या मोर्च्यांतला शब्द त्यानें साहेबांच्या टेबलावर ठेविलाच नसता. साधें, सरळ वाक्य लिहून तो संध्याकाळच्या गाडींत बसला असता आणि सकाळीं आईच्या उशाशीं पोंचला असता.

शब्दाचा अर्थ कोश देतो. शब्दाची रीतभात वाक्यच शिकवितें. जीं मुलें आज दिव्याखालीं वही उघडून बसलीं असतील, त्यांना आज रात्रीं एकच शब्द द्यावा, पण तो त्याच्या संगतीसह द्यावा.